चोवीसपर्यंत गव्हाणी रिकामी

गेल्या नोव्हेंबरच्या शेवटी आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, व्हॉट्सअॅप गटावर निरोप आला. यंदा आळीआळीतली नाताळ गोठ्यांची, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यांची, स्पर्धा बंद, बक्षिसं बंद, डीजे तर बंदच. वाचलेले पैसे गरजूंना द्यायचे आणि सर्वांनी नाताळचा आध्यात्मिक अर्थ जपायचा. खाली धर्मग्राम परिषदेचं नाव. अर्ध्या तासात मेसेजांचा पाऊस. 'गोठा नाही तर नाताळ कसला' इथपासून 'आमच्या लहानपणी असला धांगडधिंगा नव्हता' इथपर्यंत सगळं आलं. मग कुणीतरी लिहिलं, 'बाहेरदेशी राहणाऱ्यांना विचारा, तिकडे नाताळ कसा शांत असतो ते.'

बाहेरदेशी राहणारा म्हणजे मी. वसई सोडून दक्षिण जर्मनीत, स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहायला लागून मला नऊ वर्षं झाली. विचारलंच आहे तर सांगतो.

शांत असतो, यात वाद नाही. चोवीस डिसेंबरला दुपारी दोनपर्यंत दुकानं बंद होतात आणि रस्ते ओस पडतात. पहिल्या वर्षी संध्याकाळी पाचला चर्चला निघालो तेव्हा वाटेत माणूस भेटला नाही, एका खिडकीत तेवढं कुत्रं बसलं होतं. चर्च मात्र तुडुंब. मागे उभं राहायलाही जागा नव्हती. मला भरून आलं. पुढच्या रविवारी त्याच चर्चमध्ये आम्ही एकतीस जण होतो. मोजायला वेळ भरपूर होता. बाकावरच्या आजींनी समजावलं, परवाचे ते सगळे 'ऊ-बोट-ख्रिस्टन'. म्हणजे पाणबुडी ख्रिस्ती. वर्षातून एकदा वर येतात, दर्शन देतात, पुन्हा बुडी.

इथं धर्म पगाराच्या चिठ्ठीवर असतो. आल्या आल्या नगरपालिकेत नाव नोंदवताना धर्माचा रकाना होता, मी ऐटीत 'रोमन कॅथलिक' लिहिलं. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीवर आर आणि के अशी दोन अक्षरं उमटली आणि त्यांच्यापुढे कपात: आयकराच्या 8 टक्के चर्चकर. बव्हेरिया आणि आमचं राज्य सोडलं तर इतरत्र तो 9 टक्के आहे. नको असेल तर सरकारी कचेरीत जाऊन 'चर्च सोडलं' असं लिहून द्यायचं. 2022 या एका वर्षात 5,22,821 कॅथलिकांनी तसं लिहून दिलं. कर हे एक कारण झालं. दुसरं त्याहून खोल आहे. बिशपांनीच करवून घेतलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 1946 ते 2014 या काळात चर्चमधल्या लोकांच्या लैंगिक अत्याचारांना बळी पडलेल्या 3,677 मुलांच्या नोंदी सापडल्या. आता जे कॅथलिक उरलेत त्यांतले रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जाणारे शंभरात सहा-सात. तेव्हा ज्यांना 'तिकडचा शांत नाताळ' हवा आहे त्यांनी ही शांतता आली कुठून तेही बघावं. त्यातली बरीचशी रिकाम्या बाकांची आहे.

सांताक्लॉजची गंमत तर त्याहून मोठी. आपल्याकडे दर डिसेंबरला कुठली ना कुठली संघटना शाळांना बजावते, मुलांना सांता बनवू नका, तो ख्रिस्ती आहे. इथं पाडरबोर्नची बोनिफाट्सियुसवेर्क नावाची कॅथलिक संस्था 2002 पासून 'सांतामुक्त क्षेत्र' अशी मोहीम चालवते, कारण त्यांच्या मते सांता ख्रिस्ती नाहीच, तो बाजाराचा माणूस. खरा तो चौथ्या शतकातला मायराचा बिशप संत निकोलस. मायरा आजच्या तुर्कस्तानात. त्याचा सण सहा डिसेंबरला. आदल्या रात्री पोरं बूट पुसून दाराबाहेर ठेवतात आणि सकाळी त्यात अक्रोड, संत्री, चॉकलेट. चोवीसच्या भेटी आमच्या भागात बाळ येशू आणतो. म्हणजे तिकडे सांताला ख्रिस्ती म्हणून हाकलतात आणि इकडे ख्रिस्ती नाही म्हणून. बिचाऱ्यानं जावं कुठं? माझं त्याच्याशी वैर नाही. मीही एका वर्षी पोटाला उशी बांधून मिस्सानंतर चर्चच्या आवारात गोळ्या उधळल्या आहेत. त्यापायी कुणाची श्रद्धा उडाल्याचं ऐकिवात नाही.

मध्यरात्रीच्या मिस्साचंही तेच. 'बाराचा मिस्सा दहाच्या आत उरकतात, भक्ती राहिली नाही' अशी तक्रार घरी फोन केला की ऐकू येते. अहो, 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, सवलत मिळाली तरी बाराच्या ठोक्यापर्यंतच. मैदानात हजारो माणसं असताना फादर काय करणार? आणि खुद्द व्हॅटिकनमध्ये 2009 साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी तो मिस्सा रात्री दहावर आणला होता. इथं आमच्याकडे सर्वांत जास्त गर्दी दुपारी चारच्या लहान मुलांच्या प्रार्थनेला असते. घड्याळावरून भांडण्यात अर्थ नाही.

भांडायचं तर गोठ्यावरून भांडू. तिथं मी परिषदेच्या विरुद्ध आहे.

आमच्या आळीतला गोठा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिसेंबर लागला की बांबू आणि झावळ्या जमायच्या. थाळ्यांतून नाचणी पेरायची. ती उगवली की झाली हिरवी शेतं. गोणपाट मातीच्या काल्यात बुडवून त्याचे डोंगर. मध्ये आरशाचा एक तुकडा, कडेनं माती आणि शेवाळ लावलेला: ते आमचं बावखल, म्हणजे तळं. खरं बावखल, ज्यात आमचे वडील पोहायला शिकले, ते कधीच बुजवलं. त्यावर आता चार मजली इमारत आहे. गोठ्यातलं मात्र दरवर्षी त्याच जागी, चिंचेच्या डाव्या हाताला. नवी पोरं ते मांडताना म्हाताऱ्यांना विचारतात, कड कुठून कुठपर्यंत होती? मग दोन म्हाताऱ्यांचं जुंपतं.

पाणी खेळवायची मोटार बसवणारा एक जण होता. वर्षभर चर्चची पायरी चढायचा नाही, पापनिवेदनाचं नाव काढलं तर गल्ली बदलायचा. तोच डिसेंबरमध्ये रात्री दोनपर्यंत गोठ्यात आडवा पडून वायरी जोडायचा, तोंडात बॅटरी धरून. आणि पेंढा यायचा गावाबाहेरच्या तबेल्यातून, फुकट. तबेलेवाले काका उत्तर प्रदेशातले. पंचवीसला संध्याकाळी ते बायकोपोरांना घेऊन यायचे आणि बाळ येशूकडे बघायच्या आधी वाकून आपला पेंढा कुठं लागलाय ते बघायचे. बाळाच्या खालीच असायचा. मग समाधानानं हात जोडायचे.

असिसीकर संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीत ग्रेच्चो गावी पहिला जिवंत देखावा उभा केला तेव्हा गवत खरं होतं, बैल आणि गाढव खरं होतं, आणि ते गावातल्या माणसांनीच आणलं होतं. ते बघायला माणसं रात्री मशाली घेऊन आली. तो धांगडधिंगाच म्हणायचा की!

जर्मन चर्च आपल्या पाणबुड्यांना निदान चोवीसला आत घेतं, गरम ठेवलेल्या हॉलमध्ये, गोड हसून. आपल्या पाणबुड्या तर चार आठवडे आधी वर येतात आणि हातात करवत घेऊन येतात. त्यांना नेमकं त्याच दिवसांत 'घरी बसा, ध्यान करा' म्हणणं मला पटत नाही. आणि एक विचारू? आळीच्या गोठ्यांचे पैसे गरजूंना, उत्तम. पण त्याच महिन्यात चर्चच्या दर्शनी भिंतीला जी नवी रोषणाई झाली, तिचे पैसे गरजूंना का नाही गेले? पोरांच्या खिशातून दान देणं सोपं असतं.

पोरांच्या बाजूनं एवढं बोललो, आता त्यांचे कान धरतो. परीक्षक तेवीसला फिरतात म्हणून आमच्या आळीत बाळ वीस तारखेलाच गव्हाणीत ठेवतात. का, तर मार्क जातील! आणि केक, पार्ट्या, नाचाचे कार्यक्रम एक डिसेंबरपासून. चर्चमध्ये फादर जांभळी वस्त्रं घालून उभे, रविवारच्या मिस्सात गौरवगीतसुद्धा गात नाहीत, आणि बाहेर नाताळ होऊन शिळा झालेला.

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार वाट बघण्याचे दिवस, ही गोष्ट मी इथं येऊन शिकलो. वसईत तो धर्मशिक्षणाच्या पुस्तकात होता. हॅम्बुर्गला योहान हिनरिख विखर्न नावाचे लुथरन धर्मशास्त्रज्ञ अनाथ, गरीब मुलांची संस्था चालवत. 'नाताळ कधी' म्हणून मुलं रोज भंडावायची, तेव्हा 1839 साली त्यांनी एक जुनं चाक टांगलं आणि त्यावर रविवारच्या मोठ्या आणि इतर दिवसांच्या लहान मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटायची. आज चार मेणबत्त्यांचं ते हिरवं कडं घरोघर असतं, चर्चला न जाणाऱ्यांच्याही. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. पहिल्या रविवारी एक मेणबत्ती लागली की ती विचारते, सगळ्या आजच का नाही लावायच्या? लावायच्या नाहीत म्हणून. थांबायचं. तिची आई केरळची, तीही हेच सांगते, आणि चार रविवार आमच्या घरात या एकाच गोष्टीवर तहाची बोलणी चालतात. चौथ्या रविवारपर्यंत पहिली मेणबत्ती बोटभर उरते.

म्हणून माझं परिषदेला एकच मागणं आहे. गोठे होऊ द्या, मोठे होऊ द्या, बावखलाची कड ठरवताना भांडणंही होऊ द्या. फक्त गव्हाणी चोवीसपर्यंत रिकामी ठेवा आणि परीक्षकांना सव्वीसला फिरवा. बाळ नसलेला गोठा चार दिवस बघितला की माणूस आपोआप विचारतो, अजून नाही आलं? आगमनकाळावरच्या चार प्रवचनांनी होत नाही ते तेवढ्यानं होईल, असं मला वाटतं.

गटावर दुसरा वाद भाषेचा होता, तो दरवर्षी असतोच: नाताळचा एक मिस्सा इंग्रजीत ठेवा, पोरांना मराठी कळत नाही. इथं चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना सुरू झाली की माझे ओठ आपोआप 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणू लागतात. माझं 'आमेन' सगळ्यांच्या जरा मागून येतं. बाकावरच्या त्या आजींनी विचारलं होतं, ही कुठली भाषा? मग तो ठरलेला प्रश्न: तुम्ही ख्रिश्चन कधी झालात? म्हटलं, आजी, मराठी ओव्यांतलं आमचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलंय, आणि तुमचं हे चर्च 1962चं आहे, कोनशिला मी वाचली. त्या हसल्या. पुण्यात मला उलटा प्रश्न यायचा: ख्रिश्चन असून मराठी इतकं चांगलं कसं? 2020 साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, तरी तो प्रश्न काही संपला नाही. असो. धर्मग्रामाची भाषा मराठीच राहावी, माझं मत ठाम आहे. पण आमच्या इथल्या चर्चमध्ये क्रोएशियन आणि इटालियन लोकांना त्यांच्या भाषेतला मिस्सा मिळतो, त्यांचे फादर येतात, त्यानं जर्मन काही बुडाली नाही. नालासोपाऱ्याच्या खोल्यांत राहणाऱ्या झारखंडच्या ख्रिस्ती मजुरांना नाताळात हिंदी मिस्सा द्यायला आपलं काय जातं? इंग्रजी मागणाऱ्या आपल्या पोरांची मला एवढी काळजी नाही. त्यांना मराठी कळतं, मराठीत शिव्या बरोबर देतात.

सहा जानेवारीच्या आधी इथं बाळ येशूच्या भेटीला आलेले ते तीन राजे दारी येतात. चर्चची पोरं, डोक्यावर सोनेरी कागदाचे मुकुट, एकाच्या हातात काठीवरचा तारा. दारोदार गाणं म्हणतात, परदेशातल्या मुलांसाठी डब्यात पैसे घेतात आणि चौकटीवर खडूनं सी, एम, बी लिहितात, दोन्ही टोकांना सालाचे दोन-दोन आकडे. 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरं. आमच्या इमारतीत बारा घंटा आहेत. यंदा त्यांनी बाराही वाजवल्या, चार दारं उघडली. छोट्या राजाचा हात चौकटीला पोचेना म्हणून मी त्याला उचललं. त्याचे बूट ओले होते, माझ्या सदऱ्यावर ठसे उमटले.

खडूच्या अक्षरांचा फोटो मी धर्मग्रामाच्या गटावर टाकला. सगळ्यांत आधी आळीतल्या एका पोरानं विचारलं, 'त्या पोरांना बक्षीस किती?'

'चॉकलेट,' मी लिहिलं.

'फक्त?' त्यानं विचारलं. आणि थोड्या वेळानं: 'तारा कशाचा बनवलाय? जवळून फोटो पाठव.'