ड्रोनचा व्हिडिओ छान, पण उतारा कुठाय?

घरविक्रीच्या जाहिरातींवरच्या लेखातल्या प्रॉपर्टी एजंटाचं म्हणणं की प्रत्येक वाड्याची (गावातल्या वस्तीची) जाहिरात वेगळी हवी, शेजार नीट दाखवला की घर लवकर विकतं. अगदी पटलं. फोंड्यातलं घर शोधणारा माणूस आणि कळंगुटला ‘सेकंड होम’ बघणारा दिल्लीकर यांना एकच मजकूर पाठवून कसं चालेल? आमच्या गोव्यात मात्र समुद्रापासून दूर असलेल्या डिचोलीतलं घरसुद्धा ‘समुद्रापासून जवळ’ म्हणून खपवतात!

शेजार दाखवायचा तर पुरता दाखवा ना. जाहिरातीच्या ड्रोन व्हिडिओत माडांची रांग दिसते, पण मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ येतं, पावसात चारचाकी दारापर्यंत जाते का, याबद्दल चकार शब्द नाही. इथला गिऱ्हाईक पहिल्यांदा तेच विचारतो. त्यानंतर एक-चौदाचा उतारा, म्हणजे जमिनीवर कुणाचा काय हक्क ते दाखवणारा सरकारी कागद. ‘इतर हक्क’ या रकान्यात मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव असेल तर १९७५ च्या कायद्याने त्याला संरक्षण आहे, त्याला सहजासहजी उठवता येत नाही. हे टोकन घेतल्यावर सांगायचं?

जुन्या घरांचं तर विचारूच नका. पोर्तुगीज नागरी कायद्यामुळे विक्रीला नवरा-बायको दोघांची संमती लागते, वारसांचा इन्व्हेंटरी (मृताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी) झालेला नसेल तर सह्यांसाठी एक भाऊ मुंबईत, एक लिस्बनला. ज्या एजंटाने हे आधी तपासलंय त्याने जाहिरातीत तसं ठळक लिहावं, रेराचा (घरबांधणी-विक्रीवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही टाकावा. मी तरी त्यालाच आधी फोन करीन, ड्रोन नसला तरी.