हरित रॅली काढताय? मग एवढं कराच

पर्यावरणाची काळजी वाटू लागली की पहिलं काम म्हणजे कंपनीच्या नव्या हायब्रिड (पेट्रोल अधिक बॅटरी) नि विजेच्या गाड्यांची रॅली. मुंबई ते गोवा काढा, मुंबई ते नाशिक काढा, सुरुवात मात्र मरीन ड्राइव्हवरूनच हवी. फोटोत समुद्र येतो.

दिवस रविवारच ठेवा. मेगाब्लॉक असतोच, त्यामुळे लोकलची गर्दी आयती रस्त्यावर मिळते.

'इंधन वाचवा' हे फ्लेक्सवरच छापा.

पाहुण्यांना रोप द्या. प्लास्टिकच्या कुंडीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं: प्रमुख पाहुणे. ते उशिरा आले पाहिजेत. तोवर सगळ्या गाड्या ओळीने उभ्या करा, काचा बंद, एसी फुल्ल. चोवीसचं, अठ्ठावीसचं एव्हरेज देणाऱ्या गाड्या ना तुमच्या? उभ्या गाडीचं एव्हरेज शून्य असतं, पण ते ब्रोशरमध्ये कोण छापतंय! हायब्रिडचं इंजिन थांबल्यावर आपोआप बंद होतं म्हणता? होतं की. एसीने बॅटरी उतरवली की परत सुरूही होतं. विजेच्या गाडीला धूर नाही, हे मात्र कबूल. राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते, म्हणजे धूर निघतो चंद्रपुरात नि कोराडीला. तिथल्या कुणाला रॅलीचं आमंत्रण धाडू नका, उगाच खोकतील. पाहुणे आले की त्यांच्यामागे डिझेलच्या दांडग्या गाड्यांचा ताफा येईल. त्याच्याकडे कॅमेरा फिरवायचा नाही.

भाषणात 'भविष्यातली वाहतूक' किमान चारदा यावी. या शहरात 1907 साली विजेवर ट्राम धावत होती आणि 1964 मध्ये आपणच ती मोडीत काढली, हे बोलू नका. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली, हेही नको. भविष्याला शंभर वर्षं होऊन गेली म्हटल्यावर झेंडा कशाला दाखवणार?

आणि हो, रॅली सुटेपर्यंत मागची बस अडवून ठेवा. परवाच्या रविवारी आमची अडवली होती तशीच. चौपाटीच्या अलीकडे. शेजारच्या मावशी दवाखान्यातल्या भावासाठी डबा घेऊन निघालेल्या, त्या सारख्या झाकण चाचपत होत्या. कंडक्टर म्हणाला, "पर्यावरण चाललंय पुढून, बसा जरा." पुढे ड्रोन उडत होता. आमची बसही विजेवरचीच होती, बरं का! उभ्याने धरून पन्नासेक माणसं. तुमच्या एकेका गाडीत एक चालवणारा आणि एक रील काढणारा.

अहो, लाज वाटते का काही? मे 2025 मध्ये बेस्ट बसचं किमान तिकीट पाचाचं दहा झालं, एसीचं सहाचं बारा. तेव्हा तुमच्यातलं कुणी झेंडा घेऊन रस्त्यावर आलं नाही. ताफ्यातल्या बसगाड्या वर्षागणिक कमी होतायत, स्टॉपवर माणसं ताटकळतायत, त्यासाठी कधी टी-शर्ट छापले नाहीत. नवी गाडी विकायचीय ना? खुशाल विका. शोरूम आहे, जाहिराती आहेत. पण त्याला हरित वाहतूक म्हणू नका, आणि निदान डावी लेन तरी सोडा. बसला जाऊ द्या.