बाटली फोडलीच आहे तर एकदाची संपवू द्या

"आठवड्यातून एखादं कोल्ड्रिंक चालेल ना?" हा पालकांचा ठरलेला प्रश्न. दातांच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती एक बाटली मूल किती वेळ पुरवतं.

साखर तोंडात गेली की दातांवरच्या चिकट थरातले जंतू काही मिनिटांत आम्ल बनवतात. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण 5.5 च्या खाली उतरला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण आवरणातलं, कॅल्शियम सुटायला लागतं. लाळ हे सगळं सावरते, पण तिला अर्धा-पाऊण तास द्यावा लागतो. जेवताना एक ग्लास पिऊन विषय संपला, तर ती सावरते. तीच बाटली दप्तराच्या जाळीत घालून बसमध्ये दोन घोट, क्लासमध्ये दोन, घरी येताना उरलेली, असं चाललं तर लाळेला उसंतच नाही. साखर तेवढीच, कीड जास्त.

आंब्याचं चित्र असलेला टेट्रापॅक कोल्यापेक्षा सोज्वळ वाटतो, पण मागचं लेबल वाचा. 100 मिलीत 10 ग्रॅम साखर असेल तर 250 मिलीत 25 ग्रॅम, म्हणजे सहा चमचे. उसाचा रस आणि गोळ्यावरचं सरबत लेबल नसल्यामुळे सुटतात, एवढंच.

'शुगरफ्री' कोल्यात जंतूंना खाद्य नसतं हे खरं. पण फॉस्फोरिक आम्ल असतंच आणि पीएच 3 च्या आसपास किंवा त्याहून कमी. त्याने कीड लागत नाही, इनॅमल झिजतं. असलं काही प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, मऊ पडलेला थर घासला जातो. साध्या पाण्याने चूळ भरायची आणि निदान अर्धा तास थांबायचं.

आता च्युइंगम. काही खाल्ल्यावर बिनसाखरेचं गम वीसेक मिनिटं चघळलं तर फायदा होतो, आणि त्याचं मोठं श्रेय चघळण्याने सुटणाऱ्या लाळेचं. त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असेल तर उत्तम, त्यापासून कीड लावणाऱ्या जंतूंना आम्ल बनवता येत नाही. मात्र आंबट फळांच्या चवीचं घेऊ नका, त्यात बहुधा सायट्रिक आम्ल असतं. पाच वर्षांखालच्या मुलांना गम नकोच, घशात अडकतं. मोठ्यांनीही पाकीटच्या पाकीट फस्त केलं तर पोट बिघडतं. (घरात कुत्रा असेल तर झायलिटॉल त्याच्यापासून लांब ठेवा, त्याच्यासाठी ते विष आहे.) आणि गम चघळलं म्हणून रात्रीचा ब्रश माफ होत नाही. झोपेत लाळ कमी सुटते, म्हणून ब्रशनंतर फक्त पाणी. बोर्नव्हिटा आधी.

"दुधाचेच दात, पडणारच आहेत" हे ऐकून कान किटले. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्यांच्याही मागे सहाव्या वर्षी येणारी दाढ तर कायमची असते, आणि तीच दुधाची समजून दुर्लक्षित राहते.

महिन्यातून एकदा उजेडात मुलाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली तर अजून खड्डा पडलेला नाही, दंतवैद्याकडून फ्लोराइड वार्निश (दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप) लावून ती थोपवता येते. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय आहे. सकाळी लवकर जा, रांग असते.