भाऊ, सही घ्या, पण नळाचं आधी बोला

आज सकाळी आपल्या लेआउटमध्ये नगरसेवक भाऊ कागद घेऊन दारोदार फिरून राहिले होते. 'ओपन स्पेसवर सुसज्ज उद्यान, आपला पाठिंबा हवा', खाली सह्यांचे रकाने. सोबत रंगीत चित्र. हिरवंगार लॉन, कारंजं, ग्रीन जिम, सेल्फी पॉइंट. सगळं आहे. नळ नाही. तिथंच डोकं सरकलं.

याच जागेवर चाळीस रोपं लागली होती, आठवते ना? फोटो निघाले, पेढे वाटले. आज तीन उभी आहेत. तिन्ही एकाच कोपऱ्यात, जिथे शेजारच्या घरची टाकी रोज सकाळी ओव्हरफ्लो होते. बाकी सदतीस नवतप्याच्या, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांच्या आतच गेली.

यात नशिबाचा काही संबंध नाही. आपली माती काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात कोवळ्या मुळ्या तुटतात. अशा जमिनीत वीतभर खड्डा करून रोप खोचलं तर त्याने जगावं कशावर? खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा लागतो. एप्रिल-मे मध्ये खणून उन्हात तापू द्यायचा. भरताना दोन टोपली कुजलेलं शेणखत, टोपलंभर मुरूम म्हणजे पाणी तुंबणार नाही, दोन ओंजळी निंबोळी पेंड. रोप सहा फुटांचं घ्यायचं, दोन-तीन दमदार पाऊस पडल्यावर लावायचं, बांबूला सैल बांधायचं. बुंध्याभोवती चार इंच पालापाचोळा, खोडाला न टेकवता. तोच पालापाचोळा आपल्याकडे सकाळी सकाळी जाळतात, तो वेगळा संताप.

आता पाणी. एका रोपाला दर तिसऱ्या दिवशी वीस लिटर. चाळीस रोपांना ८०० लिटर. फेब्रुवारी ते मध्य जून म्हणजे साधारण ४५ पाळ्या, एकूण ३६,००० लिटर. पाच हजार लिटरचे सात-आठ टँकर, बस्स. दोन उन्हाळे एवढं केलं की कडुनिंब, करंज, बहावा पुढे आपले आपण पाहून घेतात. सात टँकर, अख्ख्या उन्हाळ्यात! आणि सदतीस झाडं मेली. ती तीन टाकीतून सांडलेल्या पाण्यावर जगली, कोणाच्या योजनेवर नाही.

आणि चित्रातलं लॉन? ४५ अंशांच्या उन्हात एका चौरस मीटरला रोज पाच लिटर धरा. ५०० चौरस मीटरचं लॉन रोज २,५०० लिटर पिणार. त्याच साडेचार महिन्यांत ६७ टँकर. ज्या गल्लीत टिल्लू पंप, म्हणजे नळातून पाणी खेचणारी छोटी मोटर, लावल्याशिवाय नळाला धार येत नाही, कूलरमध्ये पाणी टाकायचं की भांडी घासायची हा प्रश्न असतो, तिथं गवताला पाणी! पोट्ट्यांना लोळायला लॉन बरं असते, मान्य. सावलीतही लोळता येते.

चालायच्या ट्रॅकचंही तसंच. काळ्या मातीवर थेट पेव्हिंग ब्लॉक बसवले की पहिल्या पावसात फुगतात, पहिल्या उन्हाळ्यात खचतात, मग आज्या ठेचकाळतात. दोन फूट काळी माती काढा, सहा-सहा इंचांच्या थरात मुरूम टाका, प्रत्येक थराला पाणी मारून रोलर फिरवा. मग त्यावर ब्लॉक टाका नाहीतर नुसता मुरूमच ठेवा, गुडघ्यांना तोच बरा. झाडाच्या बुंध्याभोवती मात्र एक मीटर मोकळं सोडा, तिथं सिमेंट नको. घसरगुंडी लोखंडी असेल तर भर उन्हात ठेवू नका, मे महिन्यात तिच्यावर पोळी भाजली जाईल.

खरी गंमत पुढे आहे. ठेकेदार बोअर मारतो, विजेच्या तात्पुरत्या कनेक्शनवर काम उरकतो, मीटर काढून नेतो. मोटर गंजत पडते. कारण कायमचं मीटर कोणाच्या नावावर आणि बिल कोण भरणार, हे इस्टिमेटमध्ये नसतेच. आधी ही जागा कागदावर नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यास) की मनपाची, ते तपासा. हस्तांतरण झालं नसेल तर उद्यान विभाग देखभालीला हात लावणार नाही. मंजूर नकाशा मिळत नसेल तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवस. आणि उद्यान काही उपकार नाही बरं. ४,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के जागा मोकळी सोडणं नियमातच आहे. प्लॉट घेताना तिचे पैसे आपणच मोजले.

एवढं लिहिल्यावर राग थोडा उतरला. भाऊ स्वतः जिने चढून आले, माणसं पाठवली नाहीत. मार्च २०२२ मध्ये मनपा सभागृहाची मुदत संपली तेव्हापासून कितीतरी काळ असं दारात येऊन विचारणारंच कोणी नव्हतं. आणि जागा अशीच पडून राहिली तर तिथं रेतीचे ढीग, लग्नाचे मांडव आणि खर्र्याच्या (तंबाखू-सुपारीच्या) पन्न्या एवढंच पीक येते, हेही खरं आहे.

म्हणून सही करा. पण सहीच्या खाली हेही लिहा: लॉन नको, सावलीची झाडं हवी, कायमचं वीज मीटर आणि पाण्याची टाकी आधी, कारंजं नंतर, तीन वर्षांची देखभाल त्याच निविदेत, मेलेलं रोप ठेकेदाराने बदलून द्यायचं. कारंज्याचे पैसे आधी यातच घाला.

भाऊंना उद्या संध्याकाळी त्या तीन झाडांपाशी बोलावलं आहे, या म्हणाले. टाकीवाल्या काकांनीही यावं. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा बॉलकॉक त्यांनी अजून बसवला नाही, आणि निदान या उन्हाळ्यात तरी बसवू नये.

कागद किराणा दुकानात ठेवला आहे. सुतळीने बांधलेला पेन चालत नाही, आपला घेऊन जा.