नाइट ड्यूटी आणि दहा बाय बाराची खोली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नाइट ड्यूटी करून आलेल्या नर्सने घरी सलग सात तास झोपावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर ताई, तुम्ही लिहिलंत, 'नाइटनंतर सलग सात तास झोपा म्हणणं सोपं आहे. दहा बाय बाराच्या खोलीत सासूबाईंचा टीव्ही, दीडला शाळेतून येणारं पोर, चारला येणारं पाणी. झोप मारूनच घर चालतं.' पहिला मुद्दा मान्य. सलग सात तास चाळीत जमत नाहीत, ते मागे घेते. 'झोप मारूनच' मात्र पटत नाही.

झोपेचे दोन हप्ते करा. सकाळी आठला ओव्हर देऊन, म्हणजे पुढच्या पाळीच्या सिस्टरला वॉर्डाची माहिती सोपवून निघालात की सीएसएमटीहून डोंबिवलीकडे जाणाऱ्या गाडीत बसायला मिळतं, आणि पहिली चूक तिथेच होते. तासभर गाढ झोप लागली की घरी पाठ टेकल्यावर डोळा लागत नाही. त्यात सकाळचं ऊन डोळ्यांवर आलं की शरीर दिवस सुरू झाला असं धरतं. म्हणून डाव्या बाजूला बसा, काळा गॉगल लावा. घरी थोडा वरणभात, मग साडेदहा ते दीड झोप. पाणी भरून झालं की पाच ते साडेसहा दुसरा हप्ता. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं डोकं जड राहतं, ती धरूनच निघायची वेळ ठरवा. चहा रात्री दोनपर्यंतच. पहाटे पाचला घेतलेल्या चहातलं साधारण निम्मं कॅफिन सकाळी दहाला अंगात असतं.

हे साडेचार तासच होतात, पुरेसे नाहीत. दोन-तीन नाइट निभतात. नाइट ऑफला, म्हणजे नाइट संपल्यावरच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी बारापर्यंतच झोपा आणि रात्री साडेनऊला दिवा बंद. बहुतेकजणी त्या दिवशी आठवड्याचे कपडे धुवायला काढतात.

झोप का मारायची नाही, तर पहाटे चार-पाचला डोळे उघडे असतात, लक्ष नसतं. लाल टोपणाची सिरिंज 40 च्या इन्सुलिनची, म्हणजे एका मिलीत 40 युनिट असलेल्या. तिच्यात चुकून 100 चं, म्हणजे मिलीत 100 युनिटवालं इन्सुलिन दहाच्या खुणेपर्यंत भरलं तर पेशंटला दहाऐवजी 25 युनिट जातात. घरी कोणी 'दिवसभर झोपूनच असते' म्हणालं तर हा हिशोब ऐकवा.

ओव्हर दिल्याशिवाय सिस्टर वॉर्ड सोडत नाही, घर मात्र तसंच सोडते. निघताना गॅसजवळच्या कॅलेंडरवर फक्त बाकी काय ते लिहा: सासूबाईंची बीपीची गोळी, भिजवलेले मूग, शाळेची सही. प्रत्येकापुढे नाव हवं. 'कोणीतरी बघेल' म्हटलेलं काम सकाळी तुमचीच वाट बघत असतं. चारच्या पाण्यापुढेही आठवड्यातून दोनदा दुसऱ्याचं नाव येऊ द्या. पिंप भरायला नर्सिंगचं शिक्षण लागत नाही.

टीव्हीसाठी मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात. बोटांत वळून बारीक करायचे, कान वर-मागे ओढून आत सरकवायचे, फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरायचे. न वळता कोंबले तर बाहेर येतात, मग मालिका पूर्ण ऐकू येते.