मुख्याध्यापकानं रात्री फोन कुणाला करायचा?

मागच्या वर्षी केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे दहा-बारा शाळांवर देखरेख ठेवणारा म्हणून, रिटायर झालो. त्याआधी वीसेक वर्षं वर्गावर, सगळी नोकरी बीड जिल्ह्यातच. हे लिहायचं बऱ्याच दिवसांपासून मनात होतं, लिहू का नको असं करत राहिलो. काल एका जुन्या सहकारी मॅडमचा फोन आला, "सर, चार्ज माझ्याकडं आलाय, झोप लागंना मला" म्हणाल्या, म्हणून आज बसलोच.

शाळेबाहेरच्या लोकांना चार्ज म्हणजे काय ते माहीत नसतं. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबानं पहिली ते पाचवीला पट (मुलांची संख्या) 150 च्या वर असला तर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो, सहावी ते आठवीला 100 च्या वर. आता तांड्यावरच्या, वस्तीवरच्या शाळेत एवढा पट कुठून आणायचा? मग जो सिनियर शिक्षक त्याच्या गळ्यात मुख्याध्यापकाचा चार्ज, आणि त्याचा वर्ग काही सुटत नाही. दोन वर्ग एकत्र घेऊन शिकवायचं, मधीच उठून खिचडीचा तांदूळ मोजून द्यायचा, यूडायस म्हणजे शाळेची ऑनलाइन माहिती भरायची, आधारची दुरुस्ती करायची, रेंज नसली की माळावर जाऊन उभं राहायचं. आणि याच माणसानं शाळा सुरक्षित ठेवायची, सगळ्या लेकरांना सामावून घ्यायचं, काही झालं तर जबाबदार पण तोच.

2024 च्या ऑगस्टमधी बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचाराची घटना झाली, त्यानंतर जी पत्रं आली ती ग्रुपवर टाकणारा मीच होतो. सीसीटीव्ही, तक्रारपेटी, मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, आणि खाली ठरलेलं, अनुपालन अहवाल आज 4 वाजेपर्यंत. पत्रातली एकेक गोष्ट गरजेचीच होती, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझ्याकडं दोन केंद्रांचा भार, चोवीस शाळा, आणि त्यातल्या काही शाळांची लाईटच बिलापायी तोडलेली. कॅमेरा लावला तरी चालणार कशावर? अहवाल मात्र चोवीसच्या चोवीस शाळांचे वेळेत आले. ते मी गोळा करून वर पाठवले, आणि त्या दिवशी चोवीसातल्या एकाही मुख्याध्यापकाला विचारलं नाही की बाबा तुझ्या शाळेत तुला भीती कशाची वाटती.

आता मूळ गोष्ट. गाव, साल, लेकराचं वय, काहीच लिहिणार नाही. पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यानं लेकराची ओळख पटंल असं काही लिहिता येत नाही आणि लिहूही नये.

एका शाळेत चार्ज असलेल्या मॅडम होत्या. एका मुलीनं त्यांना मधल्या सुट्टीत काहीतरी सांगितलं, शाळेबाहेरच्या एका माणसाबद्दल. आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर, पोरगी आजीकडं. मॅडमनी रात्री साडेनऊला मला फोन केला, म्हणाल्या सर काय करू. आणि मी काय म्हणालो? म्हणालो, घाई करू नका, सकाळी वरिष्ठांशी बोलून बघू. तोपर्यंत गावातली चार माणसं मॅडमच्या घरी जाऊन बसली होती. गावाचं नाव खराब होईल, पोरीचं लग्न कोण करंल, तुम्ही बदलीवर निघून जाल आम्हाला इथंच राहायचंय, हेच सगळं.

मॅडम सकाळी माझी वाट न बघता पोलीस स्टेशनला गेल्या, सोबत फक्त गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई. मी दुपारी पोचलो, तेव्हा सगळं झालेलं होतं.

कायदा काय म्हणतो ते मी नंतर नीट वाचलं, रिटायर व्हायला थोडे दिवस राहिले असताना, आणि त्याची मला आजही लाज वाटते. 2012 चा पॉक्सो कायदा, त्याचं कलम 19: माहिती कळली की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आधी वरिष्ठांची परवानगी घ्या असं त्यात कुठंच नाही. कळवलं नाही तर कलम 21 खाली शिक्षा, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर एक वर्षापर्यंत कैद. आणि चांगल्या हेतूनं माहिती दिली तर देणाऱ्यावर कसलीच कारवाई होत नाही, हेही त्याच कलम 19 मधी लिहिलेलं आहे. पोलिसांनी जबाब लेकराच्या घरी नाहीतर त्याला बरं वाटंल तिथं घ्यायचा, होता होईल तो महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, आणि अंगावर वर्दी नसावी. एवढं सगळं मला त्या रात्री माहीत असतं तर मी म्हणालो असतो, मॅडम, आत्ताच निघतो, पोरीला कुठं नेऊ नका, पोलिसांनाच तिकडं बोलवू. पाच मिनिटांचं काम होतं. बाईची ती रात्र एवढी वाईट गेली नसती.

पुढं जे झालं ते आणखी वाईट. कार्यालयातून मॅडमना खुलासा मागवला, वरिष्ठांना अवगत न करता परस्पर पोलिसांत का गेलात म्हणून. ते पत्र माझ्यामार्फत गेलं, त्यावर माझी सही आहे. मी ते परत पाठवू शकलो असतो. कायद्यानं जे करायलाच पाहिजे तेच बाईंनी केलंय, एवढी एक ओळ लिहायची होती, ती लिहिली नाही मी. मॅडमनी पुढच्या बदलीत ती शाळा सोडली. आणि आजूबाजूच्या अकरा शाळांच्या मुख्याध्यापकांनी त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं. दहा ट्रेनिंग घेऊन जे शिकवता आलं नसतं ते त्या एका पत्रानं शिकवलं, की लेकरू काही सांगायला आलं तर ऐकू आलं नाही असं दाखवा.

याच्या उलट पण बघितलंय, ते सांगितलं नाही तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. एका वस्तीशाळेवर एक गुरुजी होते. दिवाळी झाली की आपल्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, आईबाप कोयता घेऊन निघाले की लेकरं ट्रॅक्टरवर मागं बसलेली. हे गुरुजी आठ दिवस आधीपासून घरोघर फिरायचे, म्हाताऱ्यांना म्हणायचे लेकराला ठेवून घ्या, जेवायचं मी बघतो. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत द्यायचे, ज्यांचं जाणं टळतच नाही त्यांना दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड हातात देऊन तिकडच्या शाळेचं नाव विचारून ठेवायचे. त्यांच्याच शाळेत एक पोरगा होता, ऐकू येत नव्हतं त्याला. तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षिका एक वर्षभर दर गुरुवारी तिथं येत होत्या, पाऊस असो चिखल असो. पोराला शिकवायच्याच, पण नंतर अर्धा तास गुरुजींसोबत बसायच्या, या आठवड्यात कसं करायचं ते ठरवायच्या. गुरुजी मला म्हणाले होते, सर, गुरुवार येतोय हे माहीत असलं की बाकीचे दिवस निभतात. नंतर त्या ताईंकडं आणखी शाळा आल्या, गुरुवार बंद झाला, पोराचं येणंही हळूहळू कमी झालं. गुरुजी तेच होते, शाळा तीच होती.

2020 च्या शिक्षण धोरणात लिहिलंय की मुख्याध्यापकांना वर्षाला 50 तासांचं प्रशिक्षण मिळावं. मिळावंच. पण त्यातले चार तास तरी हॉलमधी पीपीटी न दाखवता एखादं खरं प्रकरण समोर ठेवून बसा. लेकरानं असं सांगितलं, आता पहिला फोन कुणाला, 1098 च्या चाइल्ड हेल्पलाइनला की ठाण्याला, गावातली माणसं दारात आली तर काय बोलायचं, बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला लेखी कसं कळवायचं. हे शेवटचं आपल्याला तर लागतंच, सरकारच्या 2019-21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बीड आणि परभणीत अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं प्रमाण 40 टक्क्यांच्या वर आलं होतं, आणि सातवी-आठवीतली पोरगी शाळेत यायची थांबली की पहिल्यांदा कळतं ते हजेरी घेणाऱ्यालाच. तालुक्याला एक माणूस ठेवा, कायदा माहीत असलेला, मुख्याध्यापकाचा फोन रात्रीही उचलणारा आणि गरज पडली तर गाडीत बसून येणारा. पाच-सहा शाळांत मिळून एक क्लार्क द्या, ऑनलाइनचं सगळं त्याच्याकडं. आणि ज्यानं लेकराच्या बाजूनं तक्रार दिली त्याला आधी खुलासा मागायचा नाही, हे लेखी काढा.

शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, त्यात अर्ध्या बाया. त्या समितीनं त्या दिवशी एक ठराव घेतला असता की मॅडमनी केलं ते बरोबर केलं, तर ती चार माणसं परत दारात आली नसती. ठराव घ्या म्हणून मीही त्यांना सांगितलं नाही.

कालच्या मॅडमना मी माझा नंबर परत एकदा सेव्ह करायला लावला. म्हणालो, आता मी कुणाचा साहेब नाही, माझ्या हातात कुठला शिक्का नाही, पण रात्री साडेनऊला फोन आला तर मोटारसायकल काढून येईन. त्या म्हणाल्या, सर, मग गुरुवारी एकदा शाळेवर येता का, सहावीत एक पोरगी आहे, महिना झाला बोलतच नाही कुणाशी.

गुरुवारी जातोय.