ईयोबाने सैतानाला दोष दिलेला नाही

'माणसाचं प्रत्येक दुखणं भुतांमुळे येतं, सैतान त्यांचा राजा, आणि हे ज्यूंच्या धर्मग्रंथातच लिहिलंय' असा मजकूर फिरतोय. घरात आजारी माणूस असलेल्यांनाही तो पाठवला जातो, म्हणून उत्तर द्यायलाच हवं. पुरावा म्हणून त्यात ईयोबाची गोष्ट असते : एका सज्जन माणसावर सैतान संकटं आणि रोग आणतो. नेमकी तीच या दाव्याच्या विरोधात जाते.

जिथे आपण 'सैतान' वाचतो, तिथे मूळ हिब्रूत 'हा-सातान' आहे. 'हा' हे उपपद हिब्रूत विशेषनामाला लागत नाही. म्हणजे हे नाव नव्हे, हुद्दा आहे : आरोप ठेवणारा. तो देवाच्या दरबारात हजर होतो आणि परवानगीशिवाय ईयोबाच्या केसालाही धक्का लावू शकत नाही. तळपायापासून टाळूपर्यंत फोड उठलेला ईयोब त्याला दोष देत नाही. 'देवाकडून चांगलं घ्यायचं आणि वाईट घ्यायचं नाही का?' असं तो बायकोला विचारतो. दाद मागतो तीही थेट देवाकडे. शेवटी उत्तर द्यायला देवच येतो. सातान दुसऱ्या अध्यायानंतर दिसतसुद्धा नाही.

मग त्याच धर्मग्रंथातल्या, इस्राएलच्या शौल राजाला छळणारा दुष्ट आत्मा? तो परमेश्वराकडूनच आला, असं १ शमुवेल १६:१४ सांगतं. 'शेदीम', म्हणजे भुतं, हा शब्द अख्ख्या तनाखमध्ये (ज्यूंच्या बायबलमध्ये) दोनदाच येतो : अनुवाद ३२:१७ आणि स्तोत्र १०६:३७. दोन्हीकडे राग आहे तो त्यांना बळी देणाऱ्या माणसांवर. आजाराचा तिथे विषयच नाही.

तालमूद, म्हणजे रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) चर्चांचा नंतरचा ग्रंथ, त्याबाबत मात्र मान्य करायला हवं. बॅबिलोनियातल्या रब्बींच्या जगात भुतं ढिगानं आहेत. तालमूदचा बेराखोत हा भाग (पान ६अ) म्हणतो, प्रत्येकाच्या डावीकडे हजार, उजवीकडे दहा हजार. तिथल्या निप्पूर या प्राचीन शहराच्या उत्खननात भुतं अडवायला मंत्र लिहिलेले मातीचे वाडगेही निघाले. पण सम संख्येने पेले प्यायले की भुतं बाधतात, ही भीती इस्राएलच्या भूमीतले लोक बाळगत नसत, हेही तालमूदच नोंदवतो. पुढे १२व्या शतकात ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिदीसने मंत्रतंत्र, शकुन सगळं खोटं ठरवलं. त्याच्यानंतरचा रब्बी नाखमनिदीस, त्याला ते पटलं नाही.

आणि दुःखाबद्दल विचारायचंच असेल तर बेराखोतचं आधीचं पान वाचा. रब्बी योखानान आजारी खिया बर अब्बाकडे जातात. 'ही दुःखं तुला प्रिय आहेत का?' 'तीही नकोत, त्यांचं फळही नको.' 'हात दे.' हात धरून ते त्याला उठवतात. पुढे योखानान स्वतः आजारी पडतात, तेव्हा रब्बी खनिना त्यांना तसंच उठवतात. तालमूद विचारतो, योखानान स्वतःच का उठले नाहीत? उत्तर येतं : कैद्याला स्वतःला तुरुंगातून सोडवता येत नाही.